पोरबंदरचा वकील आणि दादा अब्दुल्ला शेठ

येरवड्याच्या आगाखान पॅलेसमध्ये गांधीजी कैदेत होते, हे पुण्यात सगळ्यांना ठाऊक आहे. ते आले कुठल्या मुलखातून, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. समुद्रकाठच्या काठियावाडात तेव्हा दोनशेहून जास्त संस्थाने होती, काही तर जेमतेम दोन-चार गावांची. त्यातल्या पोरबंदरला १८६९ साली त्यांचा जन्म झाला. वडील करमचंद तिथले दिवाण, पुढे राजकोटचे.

बॅरिस्टर होऊन परतले, पण वकिली चालेना. राजकोटला अर्ज लिहून देत बसले. भावाची रदबदली करायला गेले, तर गोऱ्या पोलिटिकल एजंटने शिपायाकरवी बाहेर काढले. संस्थानांत खरी सत्ता याच साहेबांची!

हात दिला तो पोरबंदरच्याच एका मेमन पेढीने. १८९३ मध्ये दादा अब्दुल्ला शेठ यांच्या दाव्यासाठी ते नाताळला गेले. मेहनताना १०५ पौंड, दावा ४० हजारांचा. प्रतिवादी तय्यब शेठ नात्यातलेच. गांधींनी दोघांना लवादावर राजी केले. तय्यब शेठ हरले, पण एकरकमी वसुलीत त्यांचं दिवाळं निघालं असतं. म्हणून गांधींनी दादा अब्दुल्लांकडून हप्ते बांधून घेतले. लवादापेक्षा हेच जास्त अवघड गेलं.

या आफ्रिकेतल्या लढ्याचा इतिहास त्यांनी १९२३ मध्ये सांगायला घेतला, तो येरवडा तुरुंगात. तिथेच उर्दूचा अभ्यासही केला.

३० जानेवारी १९४८ ला त्यांची हत्या झाली. १५ फेब्रुवारीला काठियावाडची संस्थाने मिळून सौराष्ट्र राज्य सुरू झाले. पोरबंदरही त्यातच गेले.