गोलपोस्टातला कप्तान

ऑलिम्पिक हॉकीच्या लागोपाठ तीन अंतिम सामन्यांत भारताच्या गोलपोस्टापुढे एकच माणूस उभा होता. मेलबर्न १९५६, रोम १९६०, टोकियो १९६४. तिन्ही वेळा समोर पाकिस्तान आणि तिन्ही वेळा निकाल एक विरुद्ध शून्य. दोनदा तो एक गोल आपला होता, एकदा त्यांचा. म्हणजे तीन ऑलिम्पिक फायनल मिळून या माणसाने अवघा एक गोल खाल्ला. सुनील गावसकरच्या शतकांचा हिशेब तोंडपाठ असलेल्या मुंबईकराला या माणसाचे नाव विचारून पाहा. दहातले नऊ जण डोके खाजवतील. दहावा सांगेल, शंकर लक्ष्मण. आणि त्या दहाव्याने एके काळी चर्चगेटच्या मैदानावर उन्हात उभे राहून हॉकी पाहिलेली असेल, हे नक्की.

यात तशी कोणाची चूक नाही. गोलरक्षकाचे काम असते ते काही घडू न देण्याचे, आणि जे घडलेच नाही ते लक्षात कसे राहावे? ध्यानचंद आणि बलबीर सिंग यांचे गोल मोजता येतात. न झालेल्या गोलांचे खाते कोण ठेवणार?

शंकर लक्ष्मण यांचा जन्म ७ जुलै १९३३ रोजी महू येथे झाला. महू म्हटले की मराठी माणसाला पहिल्यांदा आठवतात डॉ. बाबासाहेब आंबेडकर. सुभेदार रामजी सकपाळ तिथल्या लष्करी शाळेत नोकरीला होते, म्हणून बाबासाहेबांचा जन्म महूचा. २००३ मध्ये त्या गावाला बाबासाहेबांचेच नाव दिले गेले. होळकरांचा पराभव झाल्यावर १८१८ मध्ये इंग्रजांनी इंदूरच्या उशाशी वसवलेली ही छावणी. छावणी आली की बँड आला, कवायत आली, मैदाने आली आणि गोऱ्या शिपायांचे फुटबॉल-हॉकीही आले. गावातली पोरे मैदानाच्या कडेला उभी राहून बघत आणि साहेब बरॅकीत परतले की त्याच मैदानावर खेळत. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या आपल्या संघाचा कर्णधार किशनलाल, तोही महूचाच. एवढ्याशा गावाने हॉकीला दोन कप्तान दिले.

शंकर मात्र आधी रमला तो फुटबॉलमध्ये. १९४७ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, तो फौजेत भरती झाला आणि तीही बंदूक धरायला नव्हे, तर बँडमध्ये वाद्य वाजवायला. त्या काळी गरिबाघरच्या पोराला दोन वेळचे जेवण, अंगावर गणवेश आणि महिन्याचा पगार मिळण्याचा हा एक सरळ रस्ता होता. पुढे ते मराठा लाइट इन्फन्ट्रीचे झाले. या पलटणीचे मूळ १७६८ पर्यंत मागे जाते, तिचे केंद्र बेळगावात आणि तिचे जवान सातारा, कोल्हापूर, कोकण, बेळगाव भागातले. माळव्याच्या या पोराची उमेदीची वर्षे अशी मराठी शिपायांच्या पंगतीत गेली. त्यामुळे त्यांच्यावर थोडा हक्क आपणही सांगायला हरकत नाही.

हॉकीत गोलरक्षक सोडून कोणालाही चेंडूला पाय लावायची मुभा नाही. गोलरक्षकाला मात्र पायच वापरावे लागतात. अडवायचे पायाने आणि अडवलेला चेंडू लगेच बाजूला भिरकावायचा तोही पायाने. नुसता अडवून भागत नाही, कारण समोर चार फॉरवर्ड स्टिका परजून उभे असतात. फुटबॉलवर पोसलेले पाय इथे कामाला आले असणार. सेनादलाच्या संघातून १९५५ च्या सुमारास लक्ष्मण पुढे आले आणि वर्षभरात थेट मेलबर्नच्या ऑलिम्पिक संघात जाऊन बसले.

त्या काळचा गोलरक्षक म्हणजे काय चीज होती, हे आजच्या वाचकाला थोडे समजावून सांगायला हवे. आता टीव्हीवर दिसतो तो गोली अंतराळवीरासारखा असतो. डोक्याला जाळीचे शिरस्त्राण, छातीला कवच, हातात फोमचे जाड ठोकळे, पायांना उशीएवढे पॅड. लक्ष्मण यांच्या पिढीकडे क्रिकेटच्या पॅडसारखे दिसणारे पायाचे पॅड, बुटांवर बांधायचे चामडी किकर आणि हातमोजे, एवढाच सरंजाम. डोके उघडे, छाती उघडी. चेंडू साधारण १६० ग्रॅमचा, दगडासारखा टणक. गोलपोस्ट बारा फूट रुंद आणि सात फूट उंच. पेनल्टी कॉर्नरवर समोरचा फुलबॅक जीव खाऊन फटका मारणार आणि तो गवताच्या एखाद्या उंचवट्यावर आपटून कुठे उडेल, हे मारणाऱ्यालाही ठाऊक नसणार. अशा वेळी पुढे धावत जायचे, मागे सरायचे नाही. निव्वळ धैर्य म्हणून पाहिले तरी हॉकीच्या मैदानावर याला तोड नव्हती.

मेलबर्नमध्ये भारताने पाच सामन्यांत ३८ गोल केले आणि एकही गोल होऊ दिला नाही. अफगाणिस्तानवर १४, अमेरिकेवर १६, सिंगापूरवर ६. हे आकडे वाचून गोलरक्षकाला फक्त वारा खायचे काम होते असे वाटेल. पण उपांत्य फेरीत जर्मनीवर निसटता एक-शून्य असा विजय, आणि अंतिम फेरीत पाकिस्तानवरही एक-शून्य. रणधीर सिंग जंटल यांनी पेनल्टी कॉर्नरवर गोल केला, कर्णधार बलबीर हात दुखावलेला असताना खेळले, आणि त्यानंतर तो एक गोल शेवटपर्यंत सांभाळायची जबाबदारी ज्यांच्यावर होती त्यांत तेवीस वर्षांचे लक्ष्मण होते. संघात दुसरे गोलरक्षक होते मद्रासचे रंगनाथन फ्रान्सिस, १९४८ आणि १९५२ च्या संघांत असलेले. अशा माणसाच्या पंक्तीला बसून शिकण्यासारखे पुष्कळ होते.

मग रोम. ९ सप्टेंबर १९६०. १९२८ च्या ॲमस्टरडॅमपासून भारत ऑलिम्पिकमध्ये एकही सामना हरला नव्हता. सलग तीस विजय. बत्तीस वर्षांची ही परंपरा अंतिम सामन्यातल्या एका गोलने संपली. पहिल्याच सत्रात पाकिस्तानच्या नसीर बुंदा यांनी चेंडू जाळ्यात घातला आणि पुढे तासभर धडपडूनही आपल्याला बरोबरी साधता आली नाही. फॉरवर्ड फळी सबंध सामन्यात एकही गोल करू शकली नाही, पण पराभवाची आठवण निघाली की निघतो तो गोल खाल्ल्याचा क्षण. गोलरक्षकाच्या नशिबी हा अन्याय कायमचा लिहिलेला आहे. लक्ष्मण यांच्या वाट्याला तो भारतीय हॉकीच्या सर्वांत काळ्या दिवशी आला. त्याआधी १९५८ च्या टोकियो एशियाडमध्ये पाकिस्तानशी शून्य-शून्य बरोबरी होऊन केवळ गोलसरासरीवर सुवर्ण गेले होते, आणि रोमनंतर १९६२ च्या जाकार्ता एशियाडच्या अंतिम सामन्यातही पाकिस्तानने दोन-शून्य हरवले. लागोपाठ तीन रौप्यपदके, तिन्ही पाकिस्तानपायी. आज रौप्यपदक आले तर आपण विमानतळावर ढोलताशे नेऊ. तेव्हाच्या हॉकीत रौप्य म्हणजे सुतक होते.

म्हणून टोकियोच्या १९६४ च्या अंतिम सामन्याला नुसत्या खेळापलीकडचे वजन होते. चरणजित सिंग यांचा हा संघ काही निर्विवाद वरचढ नव्हता. साखळीत जर्मनी आणि स्पेन या दोघांशी बरोबरीवर समाधान मानावे लागले होते. २३ ऑक्टोबरच्या त्या सामन्यात उत्तरार्धात पृथिपाल सिंग यांचा पेनल्टी कॉर्नरचा फटका गोलरेषेवर पाकिस्तानच्या बचावपटूच्या पायाला लागला, पेनल्टी स्ट्रोक मिळाला आणि मोहिंदर लाल यांनी तो सत्कारणी लावला. यानंतरचा खेळ पाहणाऱ्यांच्या लक्षात राहिला तो लक्ष्मण यांच्यामुळे. पाकिस्तानने अक्षरशः वेढा घातला. कॉर्नरमागून कॉर्नर, आणि प्रत्येक वेळी हा उघड्या डोक्याचा फौजी पुढे सरसावून चेंडू बाहेर फेकत होता. हॉकीचा चेंडू त्या दिवशी त्यांना फुटबॉलएवढा दिसत असावा, असे परदेशी जाणकारांनी लिहिले. ज्याचे पाय फुटबॉलवर तयार झाले, त्याच्या बाबतीत ही उपमा फारच चपखल बसली. सामना संपला, सुवर्ण परत आले. त्याच वर्षीचा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला.

दोन वर्षांनी बँकॉक एशियाडसाठी संघ निवडला गेला तेव्हा कर्णधार म्हणून नाव आले शंकर लक्ष्मण यांचे. आंतरराष्ट्रीय हॉकीत गोलरक्षकाकडे कप्तानी येण्याची ही पहिलीच वेळ मानली जाते. तोवर कर्णधार म्हणजे सेंटर फॉरवर्ड, इनसाइड, फार तर सेंटर हाफ, असाच समज होता. वास्तविक सारे मैदान ज्याच्या डोळ्यांसमोर असते असा संघात एकच खेळाडू, आणि तो म्हणजे गोलरक्षक. कोण जागा सोडून भरकटला आहे, कोणता विंगर मोकळा सुटला आहे हे त्याला सगळ्यांआधी दिसते. तरीही हे सुचायला इतकी वर्षे लागली! डिसेंबर १९६६ मध्ये लक्ष्मण यांच्या संघाने अंतिम सामन्यात पाकिस्तानला हरवून एशियाडमधले हॉकीचे पहिले सुवर्ण भारतात आणले. निकाल, पुन्हा, एक-शून्य. १९६७ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आणि त्यानंतर वर्षभराच्या आतबाहेर सगळे संपले. १९६८ च्या मेक्सिको ऑलिम्पिक संघात त्यांची निवड झाली नाही. त्या संघाला दोन-दोन कर्णधार होते, पृथिपाल सिंग आणि गुरबक्ष सिंग, आणि तो कांस्यपदक घेऊन परतला. लक्ष्मण यांनी हॉकी सोडली आणि पलटणीची नोकरी करत राहिले. १९७९ मध्ये कॅप्टन म्हणून निवृत्त झाले आणि महूला परतले.

आता मला खटकणारी गोष्ट. आपल्याकडे नावाजलेला खेळाडू निवृत्त झाला की त्याने पुढच्या पिढीला शिकवावे, अशी अपेक्षा असते. १९६१ मध्ये पतियाळाला राष्ट्रीय क्रीडा संस्था निघाली तेव्हा हॉकी शिकवायला खुद्द ध्यानचंद होते. १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिक संघाचे प्रशिक्षक के. डी. सिंग बाबू. १९७५ चा विश्वचषक जिंकलेल्या संघाचे व्यवस्थापक बलबीर सिंग. मोठी माणसे, वादच नाही. पण यादी नीट पाहा, सगळे फॉरवर्ड. गोल कसा करावा हे शिकवायला देशातले सर्वोत्तम लोक होते, आणि गोल कसा होऊ देऊ नये हे शिकवायला स्वतंत्र माणूस असावा, हे त्या काळात कोणाच्या गावीही नव्हते. गोली जन्माला यावा लागतो, अशी सोयीची समजूत होती. शाळा-कॉलेजात तर परिस्थिती त्याहून मजेदार. ज्याला पळता येत नाही तो गोलमध्ये, किंवा मैदानावर जो सर्वांत उशिरा पोहोचला तो गोलमध्ये! अंधेरी-मुलुंडकडच्या कॉलेजांत खेळलेल्या कोणालाही हा नियम समजावून सांगावा लागणार नाही. शिवाय गोलीचे सामान सर्वांत महाग, म्हणून सगळ्या संघात मिळून पॅडचा एकच जोड, आणि तोही कोणाच्या तरी मापाचा.

१९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिम्पिकला गवत गेले, कृत्रिम हिरवळ आली आणि भारत सातव्या क्रमांकावर घसरला. चेंडू आता सरळ आणि विलक्षण वेगाने येऊ लागला. त्यामुळे गवतावर घडलेल्या गोलरक्षकाकडून नव्या मुलांनी काय शिकायचे, असे कोणी म्हणेल. थोडे खरे आहे. पॅड बदलले, तंत्र बदलले, पेनल्टी कॉर्नरला आडवे पडून अख्खी गोलरेषा झाकायची पद्धत आली. पण समोरच्याच्या मनगटावरून फटक्याची दिशा ओळखणे, केव्हा पुढे धावायचे आणि केव्हा थांबायचे हे ठरवणे, आणि एका गोलच्या आघाडीवर शेवटची दहा मिनिटे डोके थंड ठेवणे यांचा गवताशी काय संबंध? ही विद्या त्या वेळी जगात ज्या मोजक्या माणसांकडे होती, त्यांतला एक महूत राहत होता.

पुढे हे चित्र पालटले, पण फार उशिरा. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये पाकिस्तानकडून सात-एक असा पराभव झाल्यावर ज्यांच्यावर निराधार संशयाची राळ उडाली, ते गोलरक्षक मीररंजन नेगी १९९८ च्या एशियाड सुवर्णविजेत्या संघाचे गोलरक्षण प्रशिक्षक म्हणून परत आले, आणि २००२ मध्ये राष्ट्रकुल सुवर्ण जिंकणाऱ्या महिला संघाबरोबरही होते. कर्णधारपदही पुन्हा गोलपोस्टात आले. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकला भरत छेत्री, २०१६ च्या रिओला श्रीजेश. याच श्रीजेशने २०२४ मध्ये पॅरिसचे कांस्य गळ्यात घालून निवृत्ती घेतली आणि त्याच महिन्यात त्याच्याकडे भारताच्या ज्युनियर संघाचे प्रशिक्षकपद सोपवण्यात आले. नुसत्या गोलरक्षकांचे नव्हे, सबंध संघाचे. डिसेंबरात मस्कतला त्या पोरांनी ज्युनियर आशिया चषक जिंकलाही, अंतिम सामन्यात पाकिस्तानलाच हरवून. लक्ष्मण यांचा शेवटचा आंतरराष्ट्रीय बहर आणि ही नेमणूक यांत अठ्ठावन्न वर्षे गेली.

महूतल्या शेवटच्या दिवसांबद्दल लिहिताना हात जड होतो. खाशाबा जाधवांची उपेक्षा आपण जवळून पाहिली आहे. त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर. लक्ष्मण यांना पुरस्कार वेळेवर मिळाले, एवढाच काय तो फरक. म्हातारपणी त्यांच्या पायाला गँगरीन झाले. ज्या पायांनी तीन ऑलिम्पिक फायनलमध्ये पाकिस्तानचे फटके अडवले, त्यांतला एक कापावा लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले. पाय कापू देण्याऐवजी त्यांनी निसर्गोपचाराचा मार्ग धरला. मदतीची धावपळ सुरू झाली तोवर दुखणे हाताबाहेर गेले होते. २९ एप्रिल २००६ रोजी महूमध्येच त्यांचे निधन झाले. दोन्ही पाय शाबूत होते.