कॅव्हेंडिशच्या कागदांत राहिलेला किरण

पृथ्वीचे वजन करणारा माणूस म्हणून हेन्री कॅव्हेंडिशचे नाव आपण शाळेत पाठ केलेले असते. हायड्रोजनही त्यानेच १७६६ साली ओळखला. पण याच माणसाने प्रकाशाचेही एक गणित सोडवले आणि ते तसेच ठेवून दिले, हे फारसे कुणाला ठाऊक नसते.

१७३१ साली नीस येथे, इंग्रज उमराव घराण्यात तो जन्मला. दोन वर्षांचा असताना आई गेली. केंब्रिजला शिकून पदवी न घेताच बाहेर पडला. पुढे वारशाने अफाट पैसा आला, पण जुन्या पद्धतीचा कोट सुटला नाही. घरातल्या बाईमाणसाशी बोलावे लागू नये म्हणून जेवणाचा बेत तो चिठ्ठीवर लिहून ठेवी म्हणतात. असल्या गोष्टी चवीने सांगितल्या जातात. त्याचे मोठेपण मात्र निराळ्याच जागी आहे.

जॉन मिशेल हा धर्मगुरू त्याचा मित्र. सूर्याइतक्याच घनतेचा, पण व्यासाने पाचशे पट मोठा तारा असेल तर त्याचा प्रकाश त्याला सोडून जाऊच शकणार नाही, असे मिशेलने १७८३ साली त्याला कळवले. प्रकाश म्हणजे सूक्ष्म कणांचा झोत, ही न्यूटनची कल्पना तेव्हा रूढ होती. आता या कणाचे वस्तुमान किती? गंमत अशी की, ते ठाऊक असण्याची गरजच नाही. वस्तुमान दुप्पट झाले की गुरुत्वाची ओढ दुप्पट होते, आणि न्यूटनच्या दुसऱ्या नियमानुसार हलायला नाखुशीही दुप्पट. दोन्हींची फिटंफाट. गच्चीवरून सोडलेला नारळ आणि खडा बरोबरच खाली येतात ते यामुळेच. प्रकाशाचा वेग तेवढा माहीत हवा, आणि तो बऱ्यापैकी माहीत होता.

एखाद्या गोलाजवळून जाणारा किरण किती वाकेल, हे कॅव्हेंडिशने याच वाटेने काढले आणि उत्तर एका कागदावर टिपून ठेवले. सूर्याच्या कडेपाशी हा कोन भरतो ०.८७ विकला, अंशाचे ३६०० भाग केले तर त्यातला एकही पुरा नाही. तेव्हा तो मोजणार कोण? मोजता येत नाही ते छापायचे नाही, असा त्याचा बाणा असावा, असे मला वाटते.

कारण जे मोजता येत होते, तिथे त्याने कष्टांत कसूर केली नाही. मिशेल १७९३ साली वारला आणि त्याचे एक अपुरे उपकरण फिरत फिरत कॅव्हेंडिशकडे आले. सहा फुटी दांडी तारेने टांगलेली, दोन्ही टोकांना शिशाचे लहान गोळे, आणि त्यांच्याजवळ आणायचे दीडशे किलोंहून जड असे दोन मोठे गोळे. अंगाच्या उबेने हवा हलली तरी दांडी बिघडायची. म्हणून खोली बंद करून तो बाहेरून दुर्बिणीने पाहत बसे. पृथ्वी पाण्याच्या ५.४८ पट दाट आहे, हे उत्तर त्याने १७९८ साली छापले. आजचा आकडा ५.५१ आहे. सदुसष्टीला टेकलेल्या माणसाचे हे काम!

१८१० साली तो गेला. किरण वाकतो का, याची परीक्षा व्हायला १९१९ चे खग्रास सूर्यग्रहण उजाडावे लागले. आइन्स्टाइनने १९१५ साली १.७५ विकला, म्हणजे न्यूटनच्या हिशेबाच्या दुप्पट कोन सांगितला होता. एडिंग्टन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी घेतलेल्या छायाचित्रांनी कौल त्याच बाजूने दिला. न्यूटनचे गणित केवळ अवकाशातली ओढ धरते, अवकाशाचे स्वतःचे वाकणे धरत नाही. उरलेला अर्धा भाग तिथला.

कॅव्हेंडिशचा तो कागद छापून आला १९२१ साली, ग्रहणानंतर दोन वर्षांनी.