तुकोबांना रूप देणारे कै. विष्णुपंत पागनीस

आपल्या समाजातील अनेक कुटुंबांत एक हळहळ वारंवार ऐकू येते. मुलाने एका विद्येत चार वर्षे घालविली, ती विद्या पुढे पोटास उपयोगी पडली नाही, आणि ती वर्षे फुकट गेली, असे घरातील वडील माणसे म्हणतात. चाळीस वर्षे शाळेत मुलांच्या सहवासात काढल्यामुळे हा विषय माझ्या मनात नेहमी घोळत असतो. त्याला उत्तर म्हणून एका नटाचे चरित्र समाजबांधवांपुढे ठेवीत आहे. ते नट म्हणजे कै. विष्णुपंत पागनीस.

विष्णुपंतांचा जन्म १८९२ साली चिकोडी येथे झाला. हे गाव आज कर्नाटकात मोडते. परंतु त्या भागात मराठी नाटक व कीर्तन घरच्यासारखे नांदत असे. गोड गळ्याच्या मुलाला नाटक मंडळीने उचलून न्यावे, असा तो काळ होता. विष्णुपंतही बालवयातच रंगभूमीवर आले. पुढे कोल्हापूरकडील स्वदेश हितचिंतक नाटक मंडळीत स्त्रीभूमिका करणारे गायक नट म्हणून त्यांनी नाव मिळविले. स्त्रियांनी रंगभूमीवर येणे समाजाला मान्य नव्हते; म्हणून नायिकेचे काम पुरुषाकडेच असे. अशा नटाला चालणे, बोलणे, मान वळविणे, डोळे खाली लवविणे हे सारे नव्याने शिकावे लागे. प्रेक्षक त्याच्या गाण्याला टाळ्या देत. पण त्याच्या संसाराकडे व चालचलणुकीकडे संशयाने पाहात.

गळा व वय यांचा बहर ओसरला, म्हणजे स्त्रीपार्टी नटाचे दिवस संपत. त्यातच बोलपट आले आणि नाटक मंडळ्या एकामागून एक मोडू लागल्या. मोठमोठ्या गायक नटांवर जेथे उपजीविकेची पंचाईत ओढवली, तेथे विष्णुपंत कसे सुटावेत? त्यांनी मुंबईत एका शाळेत संगीतशिक्षकाची नोकरी धरली आणि भजनात मन रमविले. ज्याला हजारो लोकांनी डोक्यावर घेतले, त्याने आता मुलांना सारेगम शिकवावे, ही काहींना उतरती कळा वाटली असेल. एक शिक्षक या नात्याने मला तसे वाटत नाही. पण जगाची दृष्टी वेगळी असते.

इकडे प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली कोल्हापुरात स्थापन होऊन १९३३ साली पुण्यास आली होती. १९३५ साली तिने धर्मात्मा हा बोलपट काढला. त्यात आपल्या पैठणच्या नाथमहाराजांची भूमिका साक्षात बालगंधर्वांनी केली होती. परंतु रंगभूमीवरील त्यांची जादू पडद्यावर तितकीशी उतरली नाही. त्यानंतर दामले व फत्तेलाल यांनी संत तुकाराम हा बोलपट हाती घेतला आणि तुकोबांच्या भूमिकेसाठी विष्णुपंतांचे नाव पुढे आले. आयुष्यभर स्त्रीभूमिका केलेला माणूस देहूचा वाणी कसा शोभणार, अशी शंका प्रथम निर्मात्यांनाही आली. ती स्वाभाविकच होती.

पण पडद्यावर घडले ते निराळेच. ज्या कोमलपणाची भीती वाटत होती, तोच तुकोबांच्या नम्रतेला उपयोगी पडला. शिवराम वाशीकरांची कथा, केशवराव भोळे यांचे संगीत आणि गौरीबाईंची फटकळ पण प्रेमळ जिजाई यांच्या मध्ये विष्णुपंत शांत बसून असतात. ते अभिनय करीत आहेत असे वाटतच नाही. भजन म्हणताना त्यांचा देह आपोआप डोलतो, कारण तो डोल चित्रपटासाठी शिकलेला नव्हता. शांताराम आठवले यांनी या चित्रपटासाठी तुकोबांच्या धाटणीचा एक अभंग रचला. विष्णुपंतांच्या मुखातून तो ऐकून कित्येकांना तो गाथेतलाच वाटला.

हा बोलपट १९३६ साली मुंबईच्या सेंट्रल सिनेमात लागला आणि तेथे ५७ आठवडे चालला. १९३७ साली इटलीतील व्हेनिस येथील महोत्सवात त्याचा गौरव झाला. गावोगावचे लोक विष्णुपंतांना तुकोबा समजून नमस्कार करीत. पुढे संत तुलसीदास, नरसी भगत अशा भक्तांच्याच भूमिका त्यांच्याकडे आल्या. १९४३ साली, वयाची पन्नाशी जेमतेम ओलांडली असता, ते निवर्तले. तुकोबांच्या रूपात त्यांना लाभलेली वर्षे अवघी सात.

आमच्या मराठवाड्याचे तुकोबांशी नाते जुने आहे. तुकोबांच्या शिष्या संत बहिणाबाई आपल्याच जिल्ह्यातील देवगावच्या. शिऊरला त्यांची समाधी आहे. लहानपणी नाथषष्ठीच्या यात्रेत पैठणला तंबूतल्या पडद्यावर हा चित्रपट मी आजीबरोबर पाहिला. आजीने वाहाणा बाहेर काढून ठेवल्या आणि तुकोबा दिसताच हात जोडले. मला हसू आले. तो नट आहे, असे मी तिला सांगितले. तिने माझा हातही जोडावयास लावला.

या चरित्रातील खरा बोध मला फार उशिरा कळला. शिक्षक असताना आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात एक मुलगा स्त्रीची भूमिका अतिशय सुरेख करी. इतर मुले त्याची टवाळी करीत. मी ती ऐकत असूनही गप्प राहिलो. पुढच्या वर्षी तो रंगमंचावर आला नाही, आणि नंतर कधीच आला नाही. विष्णुपंतांच्या आयुष्यातील स्त्रीभूमिका वजा केल्या, तर तुकोबा उरत नाहीत, हे तेव्हा माझ्या ध्यानी असते, तर मी त्या मुलाच्या पाठीशी उभा राहिलो असतो.

समाजबांधवहो, आपल्या घरात गाणारे, चित्रे काढणारे, नकला करणारे एखादे मूल असेलच. त्याने अभ्यास टाकावा असे मी म्हणणार नाही. विष्णुपंतांनीही पोटासाठी नोकरी केलीच. पण त्याची कला हसण्यावारी नेऊ नये. कोणते शिक्षण कोणत्या वर्षी फळास येईल, हे आज आपणास सांगता येत नाही. विष्णुपंतांना त्यासाठी चव्वेचाळीस वर्षे थांबावे लागले. त्यांच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.