मुक्तीला मध्यस्थ कशाला?

पंडिता रमाबाईंनी धर्म बदलला, एवढेच आपल्याला सांगितले जाते. ख्रिस्ती झाल्यावर त्या तिथल्या धर्मसत्तेशीही झगडल्या, हे मात्र झाकले जाते.

१८५८ साली ब्राह्मण घरात जन्मलेल्या रमाबाई संस्कृत शास्त्रे शिकल्या. स्त्री-शूद्रांना त्या शास्त्रांत मोक्षाचा हक्क नाही, हे त्यांनी ओळखले. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. इकडे सनातनी खवळले; महात्मा फुले यांनी १८८५ च्या 'सत्सार'मधून रमाबाईंची बाजू घेतली.

वाँटेजच्या अँग्लिकन भगिनींच्या मते देवाची कृपा चर्चच्या संस्कारांतून मिळते. म्हणून चर्चची शिकवण निमूट मानावी. रमाबाईंनी त्रैक्याच्या सिद्धांतावरच प्रश्न केले. भटांचे जोखड फेकून बिशपांचे खांद्यावर घ्यायला त्यांनी साफ नकार दिला. पुढे १८९१ च्या सुमारास त्यांना उमगले, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त नव्हे. तारण विधीने नाही, विश्वासाने मिळते. तेही थेट आणि फुकट, अशी त्यांची धारणा झाली.

या श्रद्धेतून केडगावचे 'मुक्ती' उभे राहिले. दुष्काळात उघड्यावर पडलेल्या बाया-मुलींना तिथे आसरा मिळाला. सामान्य बाईलाही स्वतः वाचता यावे म्हणून, १९२२ साली मरण येईपर्यंत त्या सोप्या मराठीत बायबल आणण्यासाठी झिजल्या.

तारणहार ही कल्पना आम्हाला मान्य नाही. पण धर्म बदलला तरी पुरोहित तोच राहिला, तर माणूस मुक्त झाला असे आम्ही कसे म्हणावे? रमाबाईंचा हा सवाल आम्हालाही लागू आहे.