विश्लेषण : संदेशाची वाट पाहण्यातून उभी राहिली वृत्तसंस्था... कोण होते पॉल ज्युलियस रॉयटर?

एक जण संदेश पाठवतो आणि तो सर्व वर्गणीदारांना मिळतो. संगणक क्षेत्रात याला ‘पब्लिश-सबस्क्राइब’ पद्धत म्हणतात. १९व्या शतकात याच तत्त्वावर बातम्यांचा व्यवसाय उभारला तो पॉल ज्युलियस रॉयटर यांनी.

सुरुवात कशी झाली?
रॉयटर यांचा जन्म २१ जुलै १८१६ रोजी जर्मनीतील कासेल येथे झाला. मूळ नाव इस्राएल बेअर योसाफात. १८४५ मध्ये लंडनमध्ये धर्मांतर करून त्यांनी नवे नाव घेतले. पुढे पॅरिसमध्ये हावास वृत्तसंस्थेत ते अनुवादक होते.

कबुतरे कशासाठी?
१८५० मध्ये बर्लिनहून येणारी तार आखेनपर्यंत, तर पॅरिसची ब्रसेल्सपर्यंत पोहोचत होती. मधल्या सुमारे १२० किलोमीटरमध्ये तारच नव्हती. रेल्वेला सहा तासांहून अधिक वेळ लागे, कबुतरे दोन तासांत पोहोचत. रॉयटर यांनी शेअर बाजाराचे भाव कबुतरांमार्फत पाठवायला सुरुवात केली.

‘सिंक्रोनस रिसीव्ह’ म्हणजे काय?
कबुतर येईपर्यंत आखेनमध्ये थांबण्याशिवाय इलाज नव्हता. सिंक्रोनस पद्धतीतही प्रोग्रॅम संदेश मागतो आणि तो मिळेपर्यंत पुढचे काम थांबवतो. संदेश आलाच नाही तर तो कायमचा अडकू नये, म्हणून ‘टाइमआउट’ म्हणजे थांबण्याची मुदत ठरवतात. याउलट असिंक्रोनस पद्धतीत प्रोग्रॅम आपले काम करत राहतो. संदेश आला की त्याला कळवले जाते.

उशिराची किंमत किती?
भाव उशिरा कळला, तर सौदा हातचा जायचा. १८५१ मध्ये रॉयटर यांनी लंडनमध्ये कार्यालय थाटले. तेथील वृत्तपत्रांनी सुरुवातीला दाद दिली नाही. १८५८ पासून ती वर्गणीदार होऊ लागली. अमेरिकेची बातमी मात्र बोटीनेच येई. म्हणून १८६३ मध्ये त्यांनी आयर्लंडच्या क्रूकहेवनपर्यंत स्वतःची तार टाकली. बोटींवरून समुद्रात टाकलेले बातम्यांचे डबे तिथे उचलून मजकूर तारेने लंडनला जाई. तरीही १४ एप्रिल १८६५ रोजी लिंकन यांच्यावर झालेल्या गोळीबाराची बातमी लंडनला २६ एप्रिललाच कळली.

भारताशी संबंध काय?
१८६६ मध्ये मुंबईत रॉयटर्सचे कार्यालय सुरू झाले. १८७१ मध्ये रॉयटर यांना ‘बॅरन’ हा किताब मिळाला. २५ फेब्रुवारी १८९९ रोजी फ्रान्समधील नीस येथे त्यांचे निधन झाले. वर्गणीदाराची प्रतीक्षा कमी करणे, हेच त्यांचे आयुष्यभराचे काम ठरले.