बाबासाहेबांनी निवडलेली उदाहरणे

महाविद्यालयीन प्रवेश परीक्षेत निबंधाला वेळ मोजका असतो. त्या घाईत आमचे विद्यार्थी एडिसनचा दिवा आणि न्यूटनचे सफरचंद लिहून मोकळे होतात. आपल्या वस्तीतला, आपल्या घरातला प्रसंग लिहिताना मात्र संकोचतात. अशा वेळी आम्ही त्यांच्यापुढे बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र ठेवतो.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. १९०७ साली मॅट्रिक, १९१२ साली बी. ए., १९१३ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठ आणि पुढे लंडन, असा त्यांचा विद्याप्रवास झाला. एवढ्या व्यासंगी पुरुषाला अस्पृश्यतेवर शास्त्राधारांचा डोंगर रचणे अवघड नव्हते, आणि अन्यत्र त्यांनी तो रचलाही. परंतु परदेशी वाचकाला अस्पृश्यता समजावून देण्यासाठी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ लिहिताना त्यांनी सर्वसाधारण वर्णनाची वाट सोडली आणि मोजके प्रसंग निवडले.

पहिला प्रसंग १९०१ सालचा आहे. वडिलांना भेटायला निघालेली मुले सातारा जिल्ह्यातील मसूर स्थानकावर उतरली. अंगावर चांगले कपडे होते आणि जवळ पैसेही होते. पण जात कळताच गाडीवान मिळेना. अखेर दुप्पट भाडे कबूल केले, तेव्हा बैलगाडी मुलांनीच हाकली आणि गाडीवान पायी चालला. शिदोरी असूनही पाण्यावाचून मुलांना रात्र उपाशी काढावी लागली. पैशाने जात झाकत नाही, हे या एका प्रसंगाने सिद्ध होते.

दुसरा प्रसंग १९१७ सालचा. परदेशी विद्या घेऊन ते बडोद्यात नोकरीला आले, तेव्हा राहायला जागा मिळाली ती पारशी नाव सांगून. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला. विद्वान अधिकारी मुंबईच्या गाडीची वाट पाहत कामाठी बागेत बसून राहिला. येथे विद्येचे कवचही अपुरे ठरले.

१९२९ साली ते सरकारी समितीचे सदस्य म्हणून चाळीसगावला गेले. टांगेवाल्यांनी नकार दिला, म्हणून वस्तीतल्या माणसाने सवय नसताना टांगा हाकला आणि अपघातात बाबासाहेबांचा पाय मोडला. १९३४ साली दौलताबादच्या हौदावर हातपाय धुतले म्हणून त्यांच्या मंडळींवर मुसलमान जमाव धावून आला. अधिकार असला आणि समोरचा परधर्मीय असला, तरी अनुभव तोच. पुढची उदाहरणे त्यांनी इतरांच्या आयुष्यातून घेतली. दुःख आपल्या एकट्याचे नाही, हे त्यांतून स्पष्ट झाले.

आमच्या मते निवडीचे मर्म येथे आहे. प्रत्येक उदाहरण नवी पळवाट बंद करते, पुनरुक्ती नाही. स्थळ आहे, काळ आहे, विशेषणे थोडी आहेत. आणि अपमान लपवण्याऐवजी बाबासाहेबांनी तो पुरावा म्हणून मांडला आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी लाखोंना धम्ममार्ग दाखवला आणि ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. त्यांचा वारसा सांगणाऱ्या आमच्या मुलामुलींनी परीक्षागृहात पहिली दोन मिनिटे लेखणी खाली ठेवावी आणि काय सिद्ध करायचे आहे ते स्वतःला विचारावे. वीटभट्टीवरची आई किंवा ऊसतोडीला गेलेले वडील त्या प्रश्नाचे उत्तर देत असतील, तर ते निःसंकोच लिहावे. त्यात लाज बाळगण्यासारखे काही नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!