घाटाने शिकवलेला धडा : रोल्स-रॉइसचे हेन्री रॉइस

तवंदीचा घाट असो की आंबोलीचा, भरलेली गाडी वर चढवताना ड्रायव्हर काय करतो हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत आहे. तो गिअर खाली टाकतो. वेग कमी होतो, पण चाकांना ओढ मिळते. ही साधी गोष्ट जगातली सर्वांत नावाजलेली गाडी बनवणाऱ्या माणसालाही एकदा घाटानेच शिकवली होती. त्यांचं नाव हेन्री रॉइस.

रॉइस यांचा जन्म 27 मार्च 1863 रोजी इंग्लंडमधल्या पीटरबरोजवळच्या आल्वाल्टन गावी झाला. वडिलांची पिठाची गिरणी होती, पण धंदा बुडाला आणि कुटुंब लंडनला आलं. हेन्री नऊ वर्षांचे असताना वडील वारले. पोटासाठी या पोराने वर्तमानपत्रं विकली, तारा पोहोचवल्या. शाळा अशी फारशी झालीच नाही. पुढे मावशीने पैसे भरून त्यांना रेल्वेच्या कारखान्यात उमेदवारीला लावलं, पण तीनेक वर्षांत तिचेही पैसे संपले आणि शिक्षण अर्धवट सुटलं.

1884 मध्ये साठवलेले वीस पौंड घेऊन त्यांनी मँचेस्टरला भागीदारीत विजेच्या सामानाचं वर्कशॉप टाकलं. घंटा, डायनामो, मग क्रेन असं काम वाढत गेलं. चाळिशीच्या सुमारास त्यांनी एक जुनी फ्रेंच गाडी घेतली. तिच्यातले दोष बघून त्यांनी स्वतःच गाडी बनवायला घेतली. 1904 च्या एप्रिलमध्ये ती रस्त्यावर आली आणि मे महिन्यात श्रीमंत घरातल्या चार्ल्स रोल्स यांच्याशी गाठ पडली. एकाने बनवायचं, दुसऱ्याने विकायचं, असं ठरलं.

1906 च्या अखेरीस त्यांनी सहा सिलिंडरची 40/50 अश्वशक्तीची गाडी लोकांपुढे आणली. हीच पुढे सिल्व्हर घोस्ट म्हणून गाजली. आपल्या भागाशीही तिचं नातं आहे. 1908 मध्ये यातली एक गाडी मुंबई-कोल्हापूर चाचणीत उतरली. 620 मैलांचा प्रवास, वाटेत सहा मोठे घाट. कुठेही बिघाडामुळे न थांबता तिने तो पुरा केला. पर्ल ऑफ द ईस्ट नावाची ही गाडी पुढे ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी विकत घेतली.

त्या गाडीला चार गिअर होते. पण इंग्लंडच्या सपाट रस्त्यांवर गिऱ्हाइकांना वारंवार गिअर बदलणं नको असायचं. इंजिनही इतकं लवचिक की वरच्या गिअरमध्ये अगदी सावकाशसुद्धा चालायचं. त्यामुळे 1909 पासून तीनच गिअर ठेवले. 1911 मध्ये तर लंडन ते एडिंबरा हे अंतर एका गाडीने वरच्या गिअरमध्येच कापलं. कंपनीचा रुबाब वाढला.

मग 1912 साल उजाडलं. जेम्स रॅडली नावाचे गृहस्थ आपली सिल्व्हर घोस्ट घेऊन ऑस्ट्रियातल्या आल्प्स चाचणीत उतरले. काट्शबर्ग खिंडीच्या उभ्या चढावर गाडी अडली. इंजिनात दम होता, पण पहिला गिअर पुरेसा खालचा नव्हता. शेवटी माणसं उतरवून गाडी हलकी करावी लागली, तेव्हा कुठे ती वर गेली. सर्वोत्तम म्हणवणाऱ्या गाडीची ही नामुष्कीच.

रॉइस तेव्हा स्वतःच खचलेले होते. 1910 मध्ये रोल्स विमान अपघातात गेले होते. त्यानंतर रॉइस जबर आजारी पडले, मोठं ऑपरेशन झालं. कारखान्यापासून लांब, दक्षिण फ्रान्सच्या हवेत राहून ते काम करू लागले होते. पण कंपनीने चूक झाकली नाही, सबबही सांगितली नाही. अधिक खालचा पहिला गिअर देऊन पुन्हा चार गिअरचा बॉक्स बनवला. लांब चढावर पाणी उकळू नये म्हणून रेडिएटर मोठा केला. 1913 मध्ये कंपनीच्या तीन गाड्या आणि सोबत रॅडलींची चौथी, अशा चार गाड्या त्याच आल्प्समध्ये गेल्या. या वेळी काट्शबर्गने कुणालाच अडवलं नाही. या गाड्यांना लोक पुढे अल्पाइन ईगल म्हणू लागले.

नंतर महायुद्धात रॉइस विमानांच्या इंजिनांकडे वळले. 1930 मध्ये त्यांना सरदारकी मिळाली, तरी स्वतःला ते मेकॅनिकच म्हणवत. आजारपणातही आराखडे तपासणं सुटलं नाही. 22 एप्रिल 1933 रोजी त्यांचं निधन झालं.

पोटापाण्यासाठी पेपर टाकणाऱ्या, शिक्षण अर्धवट सुटलेल्या पोराची ही गोष्ट. आपल्याकडच्या गॅरेजमध्ये हात काळे करणाऱ्या कितीतरी पोरांनी ती वाचावी. गाडी कुठे अडली, हे खुल्या दिलाने बघितलं की पुढचा गिअर सापडतो.